बाईसाहेबांचा उपास

शिंपीणबाईचा नवरा गेला, आणि वर्तमानपत्रात फोटो आला तो सवतीचा.

तोही कुठे कोपऱ्यात नाही, चांगला पाव पान अडवून. जाळीला कपाळ टेकून बसलेली, खालचा ओठ लोंबलेला, डोळे दाराकडे. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुक्या जिवाची माया! रखवालदार गेल्यापासून अन्न वर्ज्य’. नवऱ्याचं नाव चौथ्या ओळीत होतं. बायको अगदी शेवटी, ‘त्यांच्या मागे पत्नी आहे’ एवढीच.

वर्तमानपत्र घेऊन नणंद आली होती. तिने ते मशीनवरच पसरलं, अर्धवट तुरपाई झालेल्या पँटच्या डोक्यावर.

“बघितलंस का, वहिनी? जनावर आहे, पण दादावर जीव बघ किती!” बोलता बोलता तिची नजर कोपऱ्यातल्या ताटाकडे गेली. ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं. “जेवलीस वाटतं. बरं केलंस हो. आपण काय, माणसं. आपल्याला पोट चुकत नाही.”

 शिंपीणबाईच्या दातांत दोरा होता, ते एक बरं झालं. तो तिने असा काही तोडला की नणंदेने वर्तमानपत्र घडी करून पिशवीत टाकलं आणि चहा न घेताच ती निघाली.

आता सवत म्हणजे कोण, ते सांगायला हवं. सवत म्हणजे शहरातल्या प्राणिसंग्रहालयातली एक चिंपांझी मादी. ‘सवत’ हा शब्द शिंपीणबाईचा स्वतःचा, आणि तो तिने कुणापुढे कधी उच्चारला नव्हता. चिंपांझीला सवत म्हणणाऱ्या बाईला लोक हसायला कितीसा वेळ लागतो? पण मनात तोच होता. बरं, सवतही धाकटी नव्हे, थोरली. नवरा त्या नोकरीला लागला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि लग्नाला चोवीस. शिंपीणबाई संसारात आली तेव्हा थोरली चार वर्षांपासून बस्तान बसवून होती.

तिचं कागदोपत्री काहीतरी नाव होतं, पण नवरा तिला म्हणायचा ‘बाईसाहेब’. बायकोला चोवीस वर्षांत त्याने ‘अगं’पलीकडे हाक मारली नाही. अगं, चहा. अगं, किल्ली. अगं, ऐकलंस का, आज बाईसाहेबांचं पोट बिघडलंय. रात्रीच्या जेवणाला भाजी कुठलीही असो, तोंडी लावायला बाईसाहेब असायच्याच. एकदा तर तो मनगट पुढे करून म्हणाला, “ही खपली आज बाईसाहेबांनी काढली. जाळीतून दोन बोटं घालून, इतक्या हलक्या हाताने, की कळलंसुद्धा नाही.”

“मला सांगितलं असतंत तर मी काढली नसती का?”

“तू मशीनवर होतीस ना,” तो म्हणाला, आणि भात कालवू लागला.

आणखी एक गोष्ट होती, आणि तीच खरी डोळ्यात सलायची. माणसाच्या साध्या सर्दीने त्या प्राण्यांचा जीव जाऊ शकतो, म्हणून तिथे आत जाण्याआधी अंघोळ. तिथलं काही घरी येऊ नये म्हणून बाहेर पडताना पुन्हा अंघोळ. गणवेश तिथेच धुतला जायचा. नवरा घरी यायचा तो दवाखान्यातल्या साबणाचा वास घेऊन, बोटांची टोकं सुरकुतलेली, एखाद्या नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा. घाम गाळणारा, धापा टाकणारा, जित्ताजागता नवरा थोरलीला; धुऊन वाळवलेला हिला. मंगळवारी त्याची सुट्टी असायची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला माणसाचा वास यायला लागायचा. आठवड्यातला तेवढा एक दिवस शिंपीणबाईचा होता.

तो गेला तोही मंगळवारीच. दुपारी खिडकीपाशी खुर्चीत बसून ‘अगं, चहा’ म्हणाला. ती कप घेऊन आली तेव्हा त्याची हनुवटी छातीवर टेकलेली होती. तिने कप खाली ठेवला, त्याचा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडला. हात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. असं किती वेळा केलं, तिला आठवत नाही. शेजारीण आली तेव्हा चहावर साय धरली होती. हे हात उचलून बघणं तिने कुणालाच सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते तिला वाटलंही नाही.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. नणंदेने पदर खोचला आणि दिसेल तो कपडा बादलीत घातला. दुःखात हाताला काम लागतं हे खरं, पण दुसऱ्याच्या कपाटात हात घालायला काही लाज? शिंपीणबाईने ऐन वेळी त्याचा अंगातून काढलेला शर्ट त्या ढिगातून ओढला. निळ्या रेघांचा होता, तिनेच शिवलेला, दोनदा कॉलर उलटून लावलेला. तो तिने चिंध्यांच्या पिशवीच्या तळाशी कोंबला. तेव्हापासून ती दिवसातून एकदाच ती पिशवी उघडायची आणि लगेच गाठ मारायची. वास वापरला की संपतो, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

बाकी ती रडली नाही. वेळेवर उठली, वेळेवर जेवली, गिऱ्हाइकांच्या पँटी वेळेवर दिल्या. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पलीकडच्या गल्लीपर्यंत बोलणं गेलं की तिकडे माकडीण उपाशी आहे आणि इकडे बायको दोन वेळा भरल्या ताटावर. आता तर छापूनच आलं. शिंपीणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा गेला तो गेला, आणि जाताना दुःखसुद्धा थोरलीच्या नावावर करून गेला!

फोटो छापून आला त्याच दिवशी, दुपारी, जाड्या आला. जाड्या म्हणजे नवऱ्याच्या जोडीने वीस वर्षं तिथे काम केलेला रखवालदार. नाव त्याला शोभायचं. दारातून तो आधी पोट आणि मग स्वतः असा आत यायचा. स्टुलावर बसला, पाणी प्यायला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“वहिनी, एक मागायला आलोय. नाही म्हणू नका.”

“आधी सांगा तरी.”

“दादाचा एखादा न धुतलेला कपडा आहे का हो? बनियन चालेल, रुमाल चालेल. तिथले गणवेश तर सगळे धुतलेले.”

शिंपीणबाईचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला.

“रोज सकाळी सातला दारापाशी येऊन बसते,” जाड्या सांगू लागला. “मी आत गेलो की माझ्या मागे बघते, दादा येतोय का म्हणून. पाणी पिते, चार पानं चघळते, बाकी ताट पुढे केलं की मागे सारते. तुम्हाला माहीत आहे ना, आमच्याकडे टोळीतलं कुणी गेलं की एक दिवस त्याला तिथेच ठेवतो, सगळ्यांना बघू देतो. ती पद्धत दादानेच पाडली.”

माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी टोळीतला म्हातारा नर गेला तेव्हा नवऱ्याने साहेबांशी भांडण घातलं होतं. पूर्वी कुणी मेलं की लगेच उचलून न्यायचे, आणि मग बाकीचे महिनाभर हाका मारत, कोपरे धुंडाळत बसायचे. ‘बघू द्या त्यांना,’ तो म्हणाला होता, ‘बघितल्याशिवाय पटत नाही कुणालाच.’ मग दिवसभर तो बाहेर वही घेऊन बसला, आणि रात्री घरी येऊन घास हातात धरून सांगत राहिला, की एकीने त्याचा हात उचलून सोडला, एकीने दात साफ केले, एका तरण्याने पाठीत धपका घातला आणि मग स्वतःच घाबरून लांब जाऊन बसला. शिंपीणबाई तेव्हा काजं करत होती. तिने हूं हूं केलं होतं.

“दादाला काही आत आणता येणार नव्हतं,” जाड्या म्हणाला. “म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान कपडा बघू. वास मिळाला तर काहीतरी उमजेल तिला.”

“सगळं धुतलं,” शिंपीणबाई म्हणाली. मग तिला स्वतःचीच भीती वाटली, आणि तिने घाईने जोडलं, “बघते. काही सापडतंय का बघते. उद्या या.”

तो गेल्यावर तिने जे केलं ते शिंपिणीलाच सुचावं. निळ्या रेघांचं ते कापड तिने एकदम पाच मीटर घेतलं होतं, आणि त्यातून दोन शर्ट काढले होते, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. दुसरा धुऊन इस्त्री करून कपाटात होता. तो तिने काढला, चुरगळला. काखेत नवऱ्याच्या दाढीचा साबण चोळला, कॉलरला त्याचं डोक्याचं तेल लावलं, मग थोडं आणखी लावलं. शेवटी तो उशीखाली घालून वर रात्रभर झोपली. सकाळी बघितलं तर तिला स्वतःलाच तो खरा वाटला. ‘घे, थोरले,’ ती मनात म्हणाली, ‘आयुष्यभर मी धुतलेला घेतला, आता तू घे.’

जाड्या हात जोडून घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट पिशवीतून परत घेऊन आला. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

“एकदाच नाकाला लावला, वहिनी. आणि टाकला पाण्याच्या टाकीत. वरून पायाने दाबला.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे. पण वीस वर्षं जो जनावरांच्या मनातलं ओळखत आला त्याला एवढं कळलं नसेल असं म्हणवत नाही. “असू द्या. नाहीच काही तर नाही. उद्या दुपारी तिला बंदुकीने औषध मारून झोपवणार आणि नळीने अन्न घालणार. वय फार आहे तिचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, झोपेल, पण उठेलच असं नाही.”

तो गेला. शिंपीणबाई जागेवरच बसून राहिली. पहिला विचार आला तो सांगायला हवा, कारण तिने तो स्वतःपासून लपवला नाही: मरू दे. सुंठीवाचून खोकला जाईल.

दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला, आणि त्याने ती ताडकन उभी राहिली. मेली, तर काय म्हणतील लोक? ‘त्याच्या मागोमाग गेली.’ पुन्हा फोटो, आणि या वेळी अर्धं पान. नणंद ते कापून चौकटीत लावील. चोवीस वर्षं संसार केलेली बायको, ती इथे बसून तुरपाई करते आहे, आणि ती तिकडे त्याच्या मागोमाग जाते आहे! तो मान तिला? छे! जिवात जीव असेपर्यंत तरी नाही.

तिने चिंध्यांची पिशवी ओढली, गाठ सोडली, आणि तळाशी हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला जाड्याने तिला मागच्या दाराने आत नेलं. हात धुवायला लावले, मास्क दिला, पायात मोठे रबरी बूट दिले. आत लांबट बोळ होता, ओली सिमेंटची जमीन, मधून गटार, उकडलेल्या रताळ्यांचा आणि गवताचा आणि मुताचा वास. एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला जाळी. जाळीच्या तळाशी ताट सरकवायची एक खिडकी होती. आत सहा-सात काळ्या आकृत्या एकदम ओरडल्या आणि एकदम गप्प झाल्या.

मग थोरली आली.

शिंपीणबाईने चोवीस वर्षं जिचा दुस्वास केला होता ती तिच्या मनात कशी दिसायची, ते सांगता येणार नाही. पण अशी नक्की नव्हती. कपाळ टकलं, एक कान फाटलेला, हनुवटीवर पांढरे केस, पोटाची कातडी लोंबत असलेली. हातांच्या मुठी टेकत, गुडघे धरलेल्या बाईसारखी ती आली आणि जाळीच्या दारापाशी बसली. ‘हिच्यासाठी?’ शिंपीणबाईच्या मनात आलं. जरा बरं वाटलं, आणि त्याहून जास्त अपमान वाटला.

बाईसाहेबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे. दारातून आणखी कुणी आलं नाही. मग त्यांनी जाळीला नाक लावलं आणि वास घेतला. एकदा, दोनदा. भुवया वर गेल्या. अगदी शांतपणे त्या उठल्या, मागच्या नळापाशी गेल्या, पाणी प्यायल्या, तशाच सावकाश परत आल्या, नीट समोर बसल्या, आणि गालात साठवलेली सगळी चूळ त्यांनी शिंपीणबाईच्या तोंडावर मारली.

जाड्या फस्सकन हसला आणि मग त्याने जीभ चावली. “माफ करा, वहिनी. पण... अरे देवा. म्हणजे असं आहे तर.”

“काय असं आहे?” मास्कमधून पाणी गळत होतं.

“ओळखलं तुम्हाला. तुमच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास येतो ना, तो दादाच्या डब्याच्या पिशवीला यायचा. पिशवी बाकावर दिसली की ही त्यावर चूळ मारायची. रोज नाही, पण मंगळवारची सुट्टी घेऊन दादा आला की बुधवारी हमखास.”

बुधवारी पिशवी ओली यायची. चोवीस वर्षं. ‘नळाखाली पडली’ असं तो सांगायचा, आणि ती त्याला धांदरट म्हणायची.

“गेल्या वर्षी तुम्ही दोघं तुमच्या बहिणीकडे गेला होतात ना, आठ दिवस? आल्यावर तिने दादाकडे आठ दिवस पाठ केली. मोजून आठ. दादा हात जोडायचा, रताळी सोलून द्यायचा, पण नाही. जेवायची नाही त्याच्या हातून. आम्ही म्हणायचो, दादा, घरची आणि दारची दोघींना कसं सांभाळतोस?” जाड्याने मान हलवली. “या वेळी फारच दिवस झाले, म्हणून आम्हाला वाटलं दुःख करतेय. दुःख नाही हो हे, वहिनी. रुसलीय. तिला कुठे माहीत आहे तो गेला म्हणून? तिला वाटतंय, तुम्ही ठेवून घेतलाय.”

शिंपीणबाईने मास्क पिळला. तिला आनंद झाला. नवरा जाऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता, तरी झाला, आणि तिने तो होऊ दिला. इतक्या दिवसांत जो तो येऊन थोरलीचं कौतुक सांगून गेला होता, आणि थोरली मात्र इथे बसून हिच्यावर जळत होती! तो खरा कुणाचा, हे नणंदेला कळलं नाही, वर्तमानपत्राला कळलं नाही. या फाटक्या कानाच्या म्हातारीला कळलं होतं. बुधवार-बुधवार कळत होतं. तो नालायक मात्र दोन्हीकडे तोंडाला कुलूप लावून बसला. एक शब्द बोलला असता, तर काय बिघडलं असतं?

बाईसाहेब पुन्हा दाराकडे बघू लागल्या.

शिंपीणबाईचा आनंद तिथेच संपला. ती खाली बसली, पिशवीतून शर्ट काढला आणि खिडकीतून आत सरकवला. पण एक बाही तिने हातात धरून ठेवली होती. बाईसाहेबांनी कॉलर पकडली, नाकाशी नेली, आणि त्यांच्या घशातून एक बारीक, कण्हल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी शर्ट ओढला. शिंपीणबाईनेही ओढला.

“सोडा, वहिनी,” जाड्या कळवळून म्हणाला. “तिच्या अंगात चार माणसांचं बळ आहे.”

“मिळेल ना परत?”

“नाही मिळत सहसा.”

तिने सोडला नाही. दोघी समोरासमोर, एकाच शर्टाला दोन्हीकडून लटकलेल्या. बाईसाहेबांचे डोळे आता दाराकडे नव्हते, थेट तिच्या डोळ्यांत होते, आणि त्यांत राग होता, साधा ओळखीचा राग. असा राग शिंपीणबाईने आरशात पुष्कळदा बघितला होता.

“माझ्याकडेही नाहीत गं ते,” ती म्हणाली. “खरंच नाहीत.”

आणि तिने बाही सोडली.

बाईसाहेबांनी शर्ट जमिनीवर पसरला. वाकून काखेचा वास घेतला, छातीचा घेतला. कॉलर उघडून आत बघितलं. मग एक बाही धरून वर उचलली आणि सोडली. बाही पडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. टोळीतले बाकीचे एकेक करून जवळ आले आणि गप्प उभे राहिले. त्यांतल्या एका तरण्याने शर्टाला धपका घातला आणि तो मागे पळाला. बाईसाहेबांनी पुन्हा बाही उचलली.

“मेलेल्याला असंच करतात हो त्या,” जाड्या हळू आवाजात म्हणाला.

“मीही केलं होतं,” शिंपीणबाई म्हणाली. “हात उचलून बघत होते. किती वेळ, कुणास ठाऊक.”

जाड्याने टोपी काढली. त्याने तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसला. बाईसाहेब आता शर्टावरचे सुटे धागे एकेक करून वेचत होत्या, दोन बोटांनी, फार हलक्या हाताने. शिंपीणबाईला पुन्हा जळजळ झाली. एवढं नाजूक काम तिचं स्वतःचं होतं. पण शिवणीला हात न लावता थोरली सुटा दोरा तेवढाच उचलत होती, हे तिने कारागीर म्हणून मान्य केलं. तासाभराने जाड्याने विचारलं, “काठीने ओढून बघू का परत?” तेव्हा ती म्हणाली, “राहू दे.”

दुपारी बंदूक चालवली नाही. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस थांबायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला तेव्हा शिंपीणबाई मशीनवर होती.

“वहिनी, जेवली!” जाड्याचा आवाज फुटत होता. “दोन रताळी, गाजरं, अर्धी पपई. डॉक्टरीणबाई नाचायच्या बाकी आहेत. तुमचे उपकार कसे फेडू?”

“सातला दारात आली होती?”

“नाही ना, तेच तर सांगतोय! आलीच नाही. मी आत गेलो तर माझ्या मागे बघितलंसुद्धा नाही. शर्ट कोपऱ्यात टाकून दिलाय, त्या बाजूला फिरकत नाही. सुटली बिचारी. पटलं तिला.”

“बरं झालं,” शिंपीणबाई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

हेच तर हवं होतं. थोरलीचा उपास सुटला, फोटो संपले, कौतुक संपलं. आता त्याच्यासाठी दुःख करणारी एकटी बायको उरली. तिने पँटचा पाय सुईखाली सरकवला आणि चाक फिरवलं. चार बोटं शिवण झाली. मग चाक थांबलं. कालपर्यंत या शहरात एक जीव असा होता, ज्याच्या लेखी तो नुसता रजेवर होता. आज येईल, उद्या येईल म्हणून कुणीतरी सातला दारात येऊन बसत होतं. ते तिने स्वतःच्या हाताने मोडलं होतं. आता तो कुणाच्याच लेखी कुठे नव्हता.

 तिने पँट बाजूला फेकली, आणि ज्या बाईच्या डोळ्यांतून इतक्या दिवसांत टिपूस निघालं नव्हतं ती मशीनवर डोकं टेकून हंबरडा फोडून रडू लागली. शेजारीण धावत आली. तिला वाटलं, ही नवऱ्याला हाक मारते आहे. पण शिंपीणबाई मशीनच्या लाकडावर मूठ आपटत भलत्याच कुणाशी भांडत होती.

“जेवलीस? एवढ्यात जेवलीस? अजून एक दिवस बसायचं होतंस की गं दारात!”